उसातला बिबट्या आणि पडद्यावरचे जंगल

निफाड तालुक्यातले विंचूर राज्याला माहीत आहे ते कांद्यामुळे. लासलगाव बाजार समितीचे उपआवार इथे आहे, नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग गावावरूनच जातो आणि औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्कही इथलेच. इथून थोड्या अंतरावर गोदावरी आणि कादवा यांचा संगम आहे. तिथला नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय २०२० साली रामसर यादीत गेला. असा मान मिळालेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. पाण्यामागून ऊस आला, द्राक्षबागा आल्या, मका आला आणि उसामागून बिबट्या आला. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला बिबट्या, गोठ्यातून उचललेली शेळी, ऊसतोड चालू असताना पाचटात सापडलेले बछडे या गोष्टी या टापूत आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. इथला माणूस संध्याकाळी मोबाइलवर आफ्रिकेतल्या सिंहांचा किंवा रणथंभोरच्या वाघिणीचा माहितीपट बघतो आणि रात्री वीज आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला मळ्यात जातो. जगभरात असे माहितीपट पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांत या प्रेक्षकाचे मत कोणी फारसे विचारत नाही. वास्तविक सर्वांत आधी त्यालाच विचारायला हवे. मोठ्या मार्जारांचे जे चित्र माहितीपटांनी आपल्या डोक्यात पक्के केले आहे, त्याचे बरेवाईट परिणाम शहरातल्या दिवाणखान्यात जाणवत नाहीत, ते या मळ्यातल्या वस्तीवर येऊन पोहोचतात.

वन्यजीव माहितीपटांबद्दल प्रेक्षक साधारणपणे जे बोलतात ते छायाचित्रणाच्या कौतुकाभोवती आणि खरेखोटेपणाच्या शंकेभोवती फिरते. कौतुक रास्त आहे. काही मिनिटांच्या दृश्यासाठी महिनेच्या महिने, कधी वर्षेही खर्ची पडतात. शंकाही निराधार नाही. शेकडो मीटरवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेल्या शिकारीत हाडे फोडल्याचा आवाज ध्वनिग्राहकापर्यंत पोहोचणे शक्य नसते, तो बहुतेकदा नंतर स्टुडिओत तयार केलेला असतो. एकाच वाघिणीची म्हणून सांगितलेली गोष्ट निरनिराळ्या दिवसांच्या आणि क्वचित निरनिराळ्या जनावरांच्या तुकड्यांतून जुळवलेली असते. २०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेत हिमअस्वलाच्या नवजात पिल्लांचे दृश्य युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात चित्रित केल्याचे उघड झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला होता. वाघाचे शिकारीचे दहा-वीस प्रयत्न होतात तेव्हा कुठे एक साधतो असे अभ्यासक सांगतात. पडद्यावर मात्र आपण बहुतेकदा साधलेलाच प्रयत्न पाहतो. तरीही या सगळ्या कारागिरीने फारसे बिघडत नाही असे मला वाटते. आवाज मागाहून भरला म्हणून सिंहाचे वागणे खोटे ठरत नाही. खोटेपणा शोधायचाच असेल तर चौकटीतून काय गाळले आहे ते पाहावे. आणि गाळलेला असतो तो माणूस.

वाघ-बिबट्यांवरचे नावाजलेले माहितीपट आठवून पाहा. सोनेरी गवत, धुके, पाणवठा, हरणे, आणि त्यात एकटे ते देखणे जनावर. विजेचा खांब नाही, बांध नाही, मोहफुले वेचणारी बाई नाही, पर्यटकांच्या जिप्सींची रांगही नाही. ती रांग अनेकदा कॅमेऱ्याच्या पाठीमागेच उभी असते, पण निवेदनात तिचा उच्चार होत नाही. याची कारणे समजण्यासारखी आहेत. हे चित्रपट अनेक देशांत विकायचे असतात. माणूस दिसला की त्याची भाषा, त्याचे कपडे, त्याचे राजकारण चौकटीत येते आणि चित्रपट एका देशाचा, एका काळाचा होऊन बसतो. निर्जन जंगल कुठेही, कधीही खपते. मराठी वाचकाचा जंगलाशी परिचय मात्र वेगळ्या वाटेने झाला होता. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या प्रदीर्घ नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट पाहिले आणि त्यांच्या लेखनात प्राण्यापक्ष्यांबरोबर तिथला आदिवासी, त्याचे शब्द आणि त्याचे ज्ञान सतत हजर राहिले. त्या जंगलात माणूस उपरा नव्हता. पडद्यावरच्या जंगलाने तो पुसून टाकला आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांना हेच जंगल खरे वाटू लागले.

यातून प्रेक्षकाच्या मनात एक समजूत घर करते, आणि ती कोणी मुद्दाम शिकवलेली नसल्यामुळे तपासलीही जात नाही. ती अशी की वाघ-बिबट्याचे घर म्हणजे निर्मनुष्य जंगल, आणि तो शेतात दिसला म्हणजे घर सोडून भरकटलेला असणार. मग उपाय आपोआप सुचतो. पिंजरा लावा, पकडा आणि जंगलात नेऊन सोडा. शहरातल्या प्राणिप्रेमीला हा उपाय दयेचा वाटतो, शेतकऱ्याला सुटकेचा वाटतो, पुढाऱ्याला तो लगेच करून दाखवता येतो. सगळ्यांनाच पटणारा हा उपाय महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे आणि त्याचा हिशेबही उपलब्ध आहे.

जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर ते सरासरी सतरापर्यंत गेले, आणि हल्ले अधिक जीवघेणेही झाले. बिबटे जिथे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपासही, जिथे आधी असा त्रास नव्हता तिथे, माणसांवर हल्ले होऊ लागले. यामागचे कारण बिबट्याच्या वागण्यात आहे. बिबट्या आपला मुलूख ओळखून राहतो. कोणत्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसे कधी झोपतात, ओढ्याने कुठे निघता येते हे त्याला ठाऊक असते. त्याला उचलून अनोळखी जागी टाकले की तो गोंधळतो, परतीची वाट धरतो आणि अनोळखी माणसांच्या समोर येतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा नर रेडिओ पट्टा लावून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. वाटेत त्याने रेल्वे, महामार्ग, खाडी ओलांडली आणि कोणालाही इजा केली नाही. आपण त्याच्यासाठी जंगल नेमून दिले होते, त्याचा बेत वेगळा होता.

मग उसातला बिबट्या खरोखर भरकटलेला असतो का? अकोले तालुक्याच्या खोऱ्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते तिथे जन्मत होते, वाढत होते, पिले देत होते. येणारेजाणारे पाहुणे नव्हते. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून कळले की त्यांच्या खाण्याचा मोठा भाग पाळीव आणि भटक्या जनावरांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के. बारा-चौदा महिने उभा राहणारा ऊस आडोसा देतो, कालवे आणि विहिरी पाणी देतात, गावाचा उकिरडा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्याला पोसतात. निफाडची बागायत याहून वेगळी नाही. इथला बिबट्या जंगल तुटले म्हणून आसरा मागायला आलेला नाही, त्याने बागायतीतच संसार थाटला आहे. आपली शासकीय मोजणीसुद्धा अजून जंगलाकडेच पाहते. २०२२च्या अंदाजानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत, पण हे आकडे मुख्यतः व्याघ्रराज्यांतल्या वनक्षेत्रांतल्या पाहणीवर आधारलेले आहेत. उसातले बिबटे त्या हिशेबात नीटसे येतच नाहीत.

यावर कोणी म्हणेल की माहितीपटांवर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. पिंजऱ्याची मागणी भीतीतून येते, बीबीसी पाहून नाही. एवढे मान्य करायला हवे की भीती माहितीपटांच्याही आधीची आहे. पण भीती वाटली की काय करायचे हे माणूस आपल्या समजुतीवरून ठरवतो, आणि समजूत घडवणाऱ्या गोष्टींत आज चित्राचा वाटा फार मोठा आहे. ज्या भागात माहितीपट पोहोचले नव्हते तिथे दुसरी समजूत होती आणि तिच्यातून दुसरे वागणे निघत होते. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, अकोले या पट्ट्यातली आदिवासी गावे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. वारल्यांच्या वाघोबावर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद आहे. तिथे वाघ शेजारी आहे, त्याच्याशी देणेघेणे आहे, त्याने मर्यादा ओलांडली तर रागही आहे. पण त्याने इथे असूच नये असे कोणाला वाटत नाही. शेजाऱ्यापासून जपून कसे राहायचे याचे शहाणपण त्या समजुतीतच असते. सपाटीवरच्या बागायतदार गावांना ही परंपरा मिळाली नाही, बिबट्या तिथे काही दशकांतच वाढला. तिथल्या नव्या पिढीला वाघ-बिबट्याची पहिली ओळख पडद्याने करून दिली, तीही माणूस वगळून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या माहितीपटांनी लोकांना वाघांवर प्रेम करायला शिकवले, त्याचे काय? सुबय्या नल्लामुथू यांनी रणथंभोरच्या ‘मछली’ वाघिणीवर केलेले चित्रपट पाहून कितीतरी तरुण वन्यजीवांच्या कामाकडे वळले असतील. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. प्रेम कशात बदलते, हा प्रश्न मात्र उरतो. ‘प्लॅनेट अर्थ २’ या २०१६च्या गाजलेल्या मालिकेच्या परिणामावर २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी तीस हजारांहून जास्त ट्विट तपासले. मालिकेच्या संहितेत पर्यावरणाच्या प्रश्नांना सहा टक्के जागा होती आणि प्रेक्षकांच्या ट्विटमध्ये त्यांचा उल्लेख एक टक्का. दाखवलेल्या प्राण्यांबद्दल विकिपीडियावर माहिती शोधणारे वाढले, पण संवर्धन संस्थांच्या देणग्या वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे कुतूहल जागे झाले, हे खरेच मोलाचे. पण जे चौकटीत आले नाही ते प्रेक्षकाच्या मनातही आले नाही. महाराष्ट्रात याचा कडू अनुभव २०१८ साली आला. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ ‘अवनी’ अर्थात टी-१ वाघिणीला २ नोव्हेंबरला गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडलेले होते. मुंबई-पुण्यात निषेध झाला, तिच्या दोन बछड्यांसाठी लोक हळहळले. त्या भागातल्या गावांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला, फटाके वाजले. ती मोहीम कशी राबवली यावर गंभीर प्रश्न होते आणि ते विचारायलाच हवे होते. मात्र कापसाच्या रानात जायला धजत नसलेल्या बाईची दोन वर्षे निषेध करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, कारण वाघाच्या कोणत्याही चित्रात ती त्यांना कधी दिसलेलीच नव्हती. ही हृदयशून्यता नव्हे. त्यांनी जे पाहिले होते, त्यावरच त्यांची करुणा वाढली होती.

माणसासकट बिबट्या दाखवणारे चित्रपट झालेच नाहीत असे नाही. रोम्युलस व्हिटेकर यांनी २०१३ साली बीबीसीसाठी माणसांशेजारी राहणाऱ्या बिबट्यांचा शोध घेतला. ‘प्लॅनेट अर्थ २’च्याच शहरांवरच्या भागात मुंबईचे बिबटे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने रात्री चित्रित केले आणि जग थक्क झाले. त्याच २०१६ साली नयन खानोलकर यांच्या आरेतल्या बिबट्याच्या छायाचित्राला लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. सुजय डहाके यांनी २०१४ साली आजोबाच्या प्रवासावर मराठी कथापट केला. ही कामे मला महत्त्वाची वाटतात. तरी मुंबईच्या त्या गाजलेल्या दृश्यातही माणसे सावलीसारखी येतात. शहर ही बिबट्याच्या शिकारीची पार्श्वभूमी ठरते, आणि पाड्यावरच्या बाईने पहाटे शौचाला जाताना काय करावे, याला तिथे जागा नाही. मुंबईत खरा फरक पडला तो त्याआधी, कमी देखण्या मार्गाने. २००४च्या आसपास तिथे हल्ल्यांनी कहर केला होता, आणि बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला होता. २०११पासून सुनील लिमये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे संचालक असताना वनखाते, संशोधक आणि नागरिक एकत्र आले, पत्रकारांच्या कार्यशाळा झाल्या, बिबट्या दिसणे आणि बिबट्याने हल्ला करणे या दोन निराळ्या बातम्या आहेत हे समजावून सांगितले गेले. वृत्तपत्रांतल्या बातम्यांचा सूर त्यानंतर बदलला, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. सांगण्याची रीत बदलली की माणसांची समजूत बदलते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप विंचूरच्या प्रेक्षकाकडूनच येईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बिबट्या शेजारी आहे असे सांगणारा चित्रपट म्हणजे आमच्या पोराबाळांच्या जिवावरची कविता, असे तो म्हणेल. २०२० साली नाशिकजवळ दारणाकाठच्या गावांत लहान मुले आणि वृद्ध बळी पडले. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात पुन्हा बळी गेले, लोकांनी महामार्ग रोखला, आणि अखेर तिथला बिबट्या ठार करण्यात आला. ज्या घरातले मूल गेले त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माणसाला भक्ष्य मानू लागलेले विशिष्ट जनावर हटवावेच लागते, कायद्यातही त्याची तरतूद आहे, आणि ते लवकर व्हावे हीच अपेक्षा रास्त आहे. पण त्या एका जनावरासाठी आसपास जे दिसतील ते सगळे पकडत सुटणे हा निराळा निर्णय आहे, आणि त्यातून काय होते ते जुन्नरने दाखवले आहे. माझी मागणी गोड चित्रपटाची नाही. शोक, संताप, पंचनाम्याची दिरंगाई, पिंजऱ्यातली शेळी आणि तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारा बिबट्या हे सगळे ज्यात असेल, तो चित्रपट या प्रेक्षकाला खोटा वाटणार नाही.

राहिला तो प्रश्न या प्रेक्षकाच्या मताच्या विश्वासार्हतेचा. घाबरलेला माणूस तटस्थ कसा असेल, असे विचारले जाते. तटस्थ तो नसेलच, पण जाणकार आहे. ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा, कुत्री कोणत्या सुरात भुंकली म्हणजे काय समजायचे, मादी पिलांसकट कोणत्या फडात आहे हे त्याला कळते. पट्टे लावलेल्या बिबट्यांच्या अभ्यासातून जे निष्पन्न झाले, की दिवसा ते पिकात दडून राहतात आणि माणसे झोपल्यावर घरांच्या अगदी जवळून फिरतात, ते वस्तीवरच्या म्हातारीला आधीपासून ठाऊक होते. या प्रेक्षकाचे अज्ञान दुसऱ्या बाजूला आहे: पकडून नेलेल्या बिबट्याचे पुढे काय होते आणि रिकाम्या जागी कोण येते, हे त्याला कोणी दाखवलेले नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जन्मभर अडकून पडलेले बिबटे त्याने पाहिलेले नसतात. नेमके हेच दाखवणे कॅमेऱ्याला जमू शकते.

असा चित्रपट विजेच्या वेळापत्रकापासून सुरू करता येईल. शेतीपंपाला रात्रीचा पुरवठा असतो म्हणून शेतकऱ्याला बिबट्याच्या वेळेत मळ्यात जावे लागते. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या पट्ट्यात सतत होते, आणि दिवसा सौर वीज देणाऱ्या कृषी वाहिन्यांची योजना जितकी पुढे सरकेल तितके माणूस आणि बिबट्या यांचे रात्रीचे गाठीभेटीचे प्रसंग कमी होतील. वाघांवरच्या कोणत्या माहितीपटात तुम्ही रोहित्र पाहिले आहे? गोठ्याला वरून-खालून जाळी लावल्यावर शेळ्या कशा वाचतात, ओणवा झालेला माणूस बिबट्याला जनावरासारखा का दिसतो, अंगणात एकटे खेळणारे मूल संध्याकाळी घरात का घ्यायचे, हे सांगायला विद्वान निवेदक लागत नाही. ऊसतोडीत सापडलेली पिले त्याच फडाच्या कडेला क्रेटमध्ये ठेवून वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक रात्रभर कॅमेरा लावतात, आणि मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेते. पिले उचलून नेली तर बिथरलेली मादी त्या परिसरात फिरत राहते आणि धोका वाढतो. या दृश्यात आफ्रिकेतल्या कुठल्याही दृश्याइतकीच उत्कंठा आहे, आणि त्यात कोपीतल्या ऊसतोड बाईचे आजचे काम, उद्याचे काम, तिची भीतीही सामावलेली आहे. त्यासाठी परदेशी वाहिनीची वाट पाहायला नको. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पिंजरे आणि ड्रोन घेतले जातात तिथे थोडे पैसे अशा मराठी चित्रफितींना मिळू शकतात. साखर कारखान्यांनी त्या ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांकडे द्याव्यात, बाजार समितीने लिलावाच्या आवारात दाखवाव्यात. फड तोडायला लागण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आधी, त्या पोहोचल्या तर त्याच हंगामात उपयोगी पडतील.